आजोळचे केळवण

कर्वेनगर, पुणे
२४ सप्टेंबर २०२४

चि. हेमा,

अनेक उत्तम आशीर्वाद. गणपतीतले तुझे पत्र मिळाले. आरंभी तू मला ‘तीर्थरूप’ असे संबोधले आहेस. तीर्थरूप हे आईवडिलांना लिहावे. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला तीर्थस्वरूप. पस्तीस वर्षे टपाल खात्यात काढूनही तुला हे ठाऊक नसावे, याचे नवल वाटते. परंतु दुसऱ्यांची पत्रे उघडून वाचण्याची मुभा तुमच्या खात्यात नसल्यामुळे तो दोष तुला देत नाही.

आता मुख्य गोष्ट. गेल्या सोमवारपासून मला इन्सुलिन सुरू झाले आहे. गोळ्यांनी साखर आवरेना. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधी दहा-दहा युनिट, पोटात. डॉक्टरीणबाई वयाने आपल्या अवनीएवढ्या. मला म्हणाल्या, “आजोबा, काही नसतं हो त्यात. पेनासारखं पेन.” मी चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली. माझ्या हातातल्या लाल पेनाला भलेभले लेखक घाबरत. मी स्वतः मात्र पेनाला घाबरतो, हे मला या वयात समजले. हे वाक्य तुझ्याखेरीज कोणालाही लिहिलेले नाही.

घरात खोलीचे दार लोटून टोचून घेणे जमते. प्रश्न बाहेरचा आहे. अवनीचे लग्न चौदा डिसेंबरला आहे. तिचे आजोळचे केळवण आपण करायचे, असे तुझी ताई शेवटच्या दुखण्यातही म्हणत होती. जागाही तिनेच ठरवली होती: टिळक रस्त्यावरचे ते थाळीचे भोजनगृह, जेथे आम्ही दोघे अवनीला दर वाढदिवसाला नेत असू. मी सत्तावीस ऑक्टोबरच्या रविवारी तेथे सात जणांचे टेबल राखून ठेवले आहे.

आमोद म्हणतो, “बाबा, बाहेरचं खाणं आता बंद. तुम्ही नुसते बसा, आम्ही जेवतो.” ज्या केळवणात यजमानापुढे पान नाही, ते केळवण की श्राद्ध? मी त्याला तसे स्पष्ट विचारले. तो म्हणाला, “बघू. तोपर्यंत काही झालं नाही तर या.” तेव्हा तोपर्यंत काही होऊन चालणार नाही. तुझ्या ताईचे एवढे एकच काम माझ्याकडे उरले आहे.

तू पंधरा वर्षे इन्सुलिन घेत आहेस. चारचौघांत बसून तू ते कसे करतेस? कोणी पाहिले तर काय सांगतेस? सविस्तर लिही. दूरध्वनीवर विचारले नाही, कारण आमोदची खोली माझ्या खोलीला लागून आहे.

तुझा,
दिगंबर

*

सातारा
३० सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप भावोजी,

शिरसाष्टांग नमस्कार. ‘ती. स्व.’ असं थोडक्यात लिहिणार होते, पण ‘स्व.’ पाहिलं की मला स्वर्गीय आठवतं. म्हणून शाई खर्च केली.

घाबरलात हे लिहिलंत, बरं केलंत. आता ऐका. ताट आधी, सुई नंतर. एवढं एकच पाठ करा. ताट डोळ्यांसमोर आलं, वरण-भात वाढला गेला, की मगच टोचायचं. ताट येतंय, निघालंय, गॅसवर आहे, यातलं काहीही चालत नाही.

मी पदराआड घेते. तुम्हाला पदर नाही, पण झब्बा आहे. जरा वर घ्यायचा, टोचायचं, दहापर्यंत मोजायचं, सुई काढायची. शेजारचा माणूस स्वतःच्या वाटीत तर्री किती आली ते बघत असतो, तुमच्या पोटाकडे नाही. मी लग्नात घेतलंय, बारशात घेतलंय, एस.टी.च्या थांब्यावर मिसळ खाताना घेतलंय. कोणी विचारलंच तर सांगते, “नैवेद्य दाखवतेय.”

खिशात साखरेच्या चार पुड्या ठेवा. घाम फुटला, हात थरथरले, उगाच चिडचिड झाली, तर साखर उतरली असं समजून लगेच तोंडात टाकायची. तुमच्या बाबतीत चिडचिडीवरून काही कळणार नाही, तेव्हा घामावर लक्ष ठेवा.

साखरपुड्याला आले नाही म्हणून अवनी रुसली असेल. तिला सांगा, गुडघा फार दुखतो.

तुमची,
हेमा

*

कर्वेनगर, पुणे
८ ऑक्टोबर २०२४

चि. हेमा,

अनेक आशीर्वाद.

रविवारी छापखान्यातील दोघा जुन्या सहकाऱ्यांबरोबर घराजवळच्या एका खाणावळीत जेवायला गेलो होतो. सत्तावीस तारखेची रंगीत तालीम करावी, हा हेतू. ताट समोर आले. मी झब्ब्याला हात घातला आणि शेजारच्या टेबलावरची पाच-सहा वर्षांची मुलगी माझ्याकडे टक लावून पाहू लागली. माझ्याने झब्बा वर उचलवेना. “हात धुऊन येतो,” असे सांगून मी पेन रुमालात गुंडाळले आणि प्रसाधनगृहात गेलो.

आत पेन ठेवायला जागा नव्हती. जमीन ओली. सुईचे टोपण काढताना निसटून खाली पडले. मी सुई टोचली, बटण दाबले, मोजू लागलो, आणि चारवर असताना दिवा विझला. माणूस हलला नाही की तो आपोआप विझतो, असे नंतर कळले. तेवढ्यात कोणी दार ठोठावले, “काका, आत आहात ना? झालं का?” मी अंधारात दचकून सुई बाहेर काढली. दहा युनिट गेले, की चार गेले, की काहीच गेले नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

दार उघडले तेव्हा सुई माझ्या हातात उघडीच होती. वाढप्याने ती पाहिली आणि मालकाला सांगितले. मालक हलक्या आवाजात म्हणाला, “काका, या वयात हे बरं नाही. आणि आमच्याकडे फॅमिल्या येतात.” तो मला काय समजला, हे ध्यानात यायला मला अर्धे मिनिट लागले. मी एक शब्दही बोललो नाही. हेमा, मी! एक शब्दही!

त्यानंतर ताटासमोर बसलो ते आणखी एका भीतीने. जेवावे तर औषध गेले नसेल, न जेवावे तर गेले असेल. दोन पोळ्या खाल्ल्या आणि दुपारभर पलंगावर बसून स्वतःच्या हातांकडे पाहत राहिलो.

तुझे धैर्य मला नाही. सत्तावीस तारखेला तू येशील का? शेजारी बसशील का? गुडघ्यासाठी मी स्वारगेटला रिक्षा घेऊन उभा राहीन.

तुझा,
दिगंबर

*

सातारा
१४ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप भावोजी,

नमस्कार.

संडासात टोचलंत? तिथं पान वाढून घेतलं असतंत का? मग सुईनं काय पाप केलंय?

त्या मालकाला सांगायचं होतं, “हे इन्सुलिन आहे. तुमच्या गल्ल्यामागे बसलेल्या तीर्थरूपांनाही उद्या लागेल.” असो. वेळेवर सुचत नाही हे मलाही माहीत आहे.

मी येऊ शकत नाही, भावोजी. गुडघा. पण तुम्हाला जमेल. टेबलावर, सगळ्यांसमोर, ताट आल्यावर. तुमची भीती मला कळते असं नुसतं म्हणत नाही, खरंच कळते.

तुमची,
हेमा

*

कर्वेनगर, पुणे
२२ ऑक्टोबर २०२४

चि. हेमा,

अनेक आशीर्वाद.

तुझी अडचण समजली. आग्रह करीत नाही. शिवाय आता त्याची गरजही उरलेली नाही, कारण मला एक निर्दोष उपाय सापडला आहे.

मी इन्सुलिन घरीच घेऊन निघणार. माझी खोली, माझी कडी, माझा दिवा. बारा वाजून पाच मिनिटांनी टोचीन, सव्वाबाराला रिक्षा, साडेबाराला टेबल. साडेबारा म्हणजे साडेबारा, असे मी प्रत्येकाला दोनदा बजावले आहे. आमोद आणि निशा सकाळी लक्ष्मी रस्त्यावरून अवनीची साडी घेऊन, मग बिबवेवाडीहून अवनीला, तिच्या आईवडिलांना आणि भावाला घेऊन परस्पर येतील. व्यवस्था पाहण्यासाठी मी थोडा आधी पोहोचेन. कोणी काही पाहणार नाही, कोणी काही विचारणार नाही. अवनीला आग्रह करून वाढायला माझे दोन्ही हात मोकळे राहतील.

प्रसाधनगृहातला प्रसंग आमोदला कळता कामा नये. कळला तर तो मला घरी बसवील. तुला तुझ्या ताईची शपथ आहे.

तुझा,
दिगंबर

*

कर्वेनगर, पुणे
२९ ऑक्टोबर २०२४, धनत्रयोदशी

चि. हेमा,

अनेक आशीर्वाद. दिवाळीच्या शुभेच्छा.

केळवण पार पडले. श्रीखंड बरे होते, अळूची भाजी तुझ्या ताईच्या हाताची नव्हती. साडी मोरपंखी, अवनीला शोभते. दिवाळीच्या गर्दीमुळे मंडळींना यायला थोडा उशीर झाला. मला मध्यंतरी किंचित घेरी आली, ऑक्टोबरचा उष्मा. अवनी थोडी रडली. लग्न ठरलेल्या मुली रडतातच. आग्रह करण्याचे मात्र माझ्या हातून राहून गेले.

भोजनगृहात मी मोबाईल बंद ठेवतो. नंतर पाहिले तेव्हा तुझे अनेक फोन येऊन गेलेले दिसले. शुभेच्छा द्यायच्या असाव्यात. पोहोचल्या.

तुझा,
दिगंबर

*

सातारा
४ नोव्हेंबर २०२४

भावोजी,

शुभेच्छा? अकरा फोन केले मी, ते शुभेच्छा द्यायला?

तुमचं बावीस तारखेचं पत्र शनिवारी संध्याकाळी पेटीत पडलं असणार. मी पेटी उघडली रविवारी, एक वाजायला दहा मिनिटं असताना. उभ्यानं वाचलं. ‘घरीच घेऊन निघणार’ इथं आले आणि फोन हातात घेतला. ताट आधी, सुई नंतर, असं दोनदा लिहिलं होतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या ओळीतला काना-मात्रा सोडला नाहीत. माझी एवढी एक ओळ निसटली.

तुमचा फोन बंद. आमोदला लावला. तो म्हणाला, “मावशी, आम्ही तासभर लक्ष्मी रोडला अडकलोय, अजून अवनीकडे पोचलोच नाही. बाबा पुढं गेलेत, निवांत बसले असतील.” निवांत! मग मोबाईलवर त्या भोजनगृहाचा नंबर शोधला. मॅनेजरनं उचलला. केदार नाव त्याचं. पुढचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, कारण तुम्हाला ते आठवत नसणार.

मी म्हटलं, “सात जणांच्या टेबलावर एक आजोबा एकटे बसलेत का?”

“हो. पण त्यांनी घेतलेली दिसतीये, मॅडम. घामानं झब्बा भिजलाय, बोलणं अडखळतंय. मघाशी वाढप्यावर ओरडले, आता गप्प आहेत.”

“घेतलेली नाही हो त्यांनी! साखर उतरलीये. समोर काय ठेवलंय?”

“पापड आहे, कोशिंबीर आहे, सरबत आहे. हात लावत नाहीत. म्हणतात, नवरी आल्याशिवाय यजमान पापडसुद्धा मोडत नाही.”

“पाण्यात चार चमचे साखर घाला, पाजा. आत्ता.”

तो गेला. मला फोनमधून भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी हसत होतं, कुणीतरी ताक मागत होतं. तो परत आला. “मॅडम, ते म्हणतात, मला मधुमेह आहे, साखर चालत नाही. ग्लास ढकलला.”

मी ओरडले, “त्यांच्या कानाला फोन लावा!” आणि मला दुसरं काही सुचलं नाही, भावोजी, मी म्हटलं, “मी हेमा. ताईनं सांगितलंय, पाणी प्या.”

तुम्ही काय म्हणालात ते ठाऊक आहे? अगदी शांतपणे म्हणालात, “तिला सांग, मी निघालोच आहे.”

मी दारातच बसले. पुढं फोनमधून केदारचा आवाज येत राहिला, “प्या, काका. एक घोट. अजून एक. आता गिळा. गिळा, काका.” सतरा मिनिटं मी तो फोन कानाला लावून होते. मग तुमचा आवाज आला, “या सरबताचे पैसे लावू नका, मी मागवलेले नाही.” तेव्हा मी रडले.

खिशात साखरेच्या पुड्या होत्या ना? आमोदला त्या धुण्याच्या झब्ब्यात सापडल्या. चारच्या चार. त्याचा फोन आला होता. मी त्याला सगळं सांगितलं. ताईची शपथ मोडली. ताई असती तर तिनं तुमची खोड मोडली असती.

हेमा

*

कर्वेनगर, पुणे
९ नोव्हेंबर २०२४

चि. हेमा,

पत्र पोहोचले.

आमोदने माझे बाहेर जाणे बंद केले आहे. औषधाच्या वेळी निशा दारात उभी राहते. आम्हा सहस्रबुद्ध्यांच्या घरातील माणूस दारुड्यासारखा बसला होता, ही हकीकत आता भोजनगृहाच्या व्यवस्थापकापासून अवनीच्या सासरपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. त्यातील तुझ्या वाट्याबद्दल मी ऋणी असायला हवे. प्रयत्न करीत आहे.

तू निर्भय आहेस. एस.टी.च्या थांब्यावर मिसळ खाताना टोचून घेणाऱ्या माणसाने, ज्याला ते जमत नाही त्याला पत्राने शिकवू नये. या विषयावर यापुढे लिहिणे नको.

गुडघ्याची काळजी घे.

दिगंबर

*

सातारा
१८ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप भावोजी,

लिहू नको म्हणालात, तरी लिहिते. वाचून फाडा.

माझा गुडघा ठणठणीत आहे.

सहा वर्षं मी घराबाहेर जेवलेली नाही. लग्न नाही, बारसं नाही. एस.टी.च्या थांब्यावरची मिसळ खरी आहे, पण ती त्याआधीची. सहा वर्षांपूर्वी वाईला एका लग्नात गेले होते. पहिली पंगत बसणार म्हणून कार्यालयातल्या एका खोलीत जाऊन टोचून आले. बाहेर आले तर व्याही मंडळींना आधी बसवलं होतं, आम्ही बायका दुसऱ्या पंगतीला. आता मध्येच कसं मागायचं? सगळ्या थांबल्यात, आपणच कसं खायचं? म्हणून उभी राहिले. पान समोर आलं तेव्हा मला ते दोन दिसत होतं. मी पानावर पडले आणि हातपाय झाडायला लागले, असं नंतर सांगितलं.

कुणीतरी म्हणालं, बाईच्या अंगात आलंय. भावोजी, त्यांनी मला साखर नाही दिली. मला हळदकुंकू लावलं. एकीनं ओटी भरली. एक म्हातारी पाया पडून विचारत होती, “आई, माझ्या लेकाची बदली कधी होईल?” मला सगळं ऐकू येत होतं आणि जीभ हलत नव्हती. शेवटी एका पोरीनं माझी पर्स उघडली, पेन पाहिलं, आणि जिलबीचा पाक चमच्यानं हिरड्यांना चोळला.

तेव्हापासून समोर परकं ताट आलं की मला तो हळदीचा वास येतो. ताईच्या तेराव्याला मी उपास आहे म्हणाले, आठवतं? तेराव्याला कसला उपास? गोडाचं पान मांडलं होतं माझ्या सख्ख्या बहिणीचं, आणि मी उठून गच्चीवर गेले.

तुम्हाला जे लिहिलं, ते सगळं खरं आहे. फक्त मी ते करत नाही. तुम्ही मला धीट समजलात, मला ते बरं वाटलं. तेवढ्यासाठी तुमचा जीव जात होता.

तुमची,
हेमा

*

कर्वेनगर, पुणे
२४ नोव्हेंबर २०२४

चि. हेमा,

अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलेले नाही. तीनदा वाचले. मागील पत्रातील माझा शेवटचा परिच्छेद मी मागे घेतो. छापून गेलेला मजकूर मागे घेता येत नाही, हे मला इतर कोणाहूनही अधिक ठाऊक आहे, तरीही घेतो.

त्या दिवशीचे मला जे आठवते, ते तुला सांगणे माझे कर्तव्य आहे. तुझी ताई मला दिसली नाही. दिसली असे लिहिले तर वाचायला चांगले वाटेल, पण ते असत्य होईल. मला पापड आठवतो. तो समोर होता, हाताच्या अंतरावर, आणि तो मोडणे योग्य नव्हे एवढेच मला कळत होते. त्यानंतर सर्व काही फार ठीक आहे, असे वाटू लागले. भीती नव्हती. कोणतीही घाई नव्हती. हेमा, सुईची, लोकांची, मालकाची भीती मला वाटली. पण आता रात्रंदिवस मी भितो तो त्या भीती नसण्याला. पापडाच्या एका तुकड्याने मी वाचलो असतो, आणि मी अगदी समाधानात बसलो होतो.

काल अवनी आली होती. माझ्या खोलीचे दार लावून घेतले आणि म्हणाली, “आजोबा, सिरियसली सांगा. मी लेट झाले म्हणून झालं ना ते?” मी म्हटले, “नाही. मी लवकर टोचले म्हणून झाले.” ती म्हणाली, “मग तसं सगळ्यांना सांगा ना! मला रोज स्वप्न पडतं, मी येते आणि तुम्ही खुर्चीत...” वाक्य तिने अपुरे ठेवले. मीही पूर्ण करून मागितले नाही. माझी लाज झाकली जावी म्हणून ही मुलगी महिनाभर तो अपराध स्वतःच्या माथ्यावर घेऊन हिंडत होती.

आजोळचे केळवण माझ्या हिशेबी झालेले नाही. यजमानाने शुद्धीवर राहून आग्रह करावा लागतो. म्हणून ते पुन्हा करायचे आहे. आठ डिसेंबर, रविवार, दुपारी साडेबारा, तेच भोजनगृह. तीन पाने: अवनी, मी आणि तू. आमोदने एक अट घातली आहे. जाणते माणूस बरोबर हवे. मी तुझे नाव सांगितले. तो म्हणाला, “मावशी असेल तर माझी हरकत नाही.” तुझी सहा वर्षे त्याला सांगितलेली नाहीत. ती तुझी आहेत.

तू आली नाहीस तर हे केळवण होणार नाही, आणि मी तुला त्याबद्दल कधीही बोलणार नाही. मलाही तेथे पुन्हा जाण्याची भीती वाटते. तुझ्या ताईच्या जागी आजी म्हणून बसायला अवनीला दुसरे कोणी नाही, एवढेच लिहितो.

तुझा,
दिगंबर

*

सातारा
३० नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप भावोजी,

येते. म्हणजे एस.टी.त बसते, एवढं नक्की. स्वारगेटला घ्यायला येऊ नका, मी माझी येईन. दारातून परत फिरले तर कुणाला हाक मारायला पाठवू नका.

हेमा

*

टिळक रस्ता, पुणे
८ डिसेंबर २०२४, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटे

चि. हेमा,

अनेक आशीर्वाद. या पत्राला तिकीट लागणार नाही. तुझी वाट पाहताना हाताला काहीतरी काम हवे, म्हणून लिहीत आहे. आत आलीस तर टेबलावरून देईन. नाही आलीस तर उद्या पेटीत टाकीन.

मी सव्वाबाराला पोहोचलो. केदारने मला ओळखले. काही न विचारता त्याने साखरेचे भांडे माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, “काका, आज आधी खायचं, मग रागवायचं.” मी अद्याप टोचलेले नाही. पेन टेबलावर उघड्यावर आहे, मिठाच्या भांड्याशेजारी. दहा मिनिटांनी मी पापड मोडला. पाहुणे यायच्या आधी, यजमान असून, सत्त्याहत्तर वर्षांत प्रथमच. तो घशाखाली उतरताना तुझ्या ताईने डोळे वटारल्यासारखे वाटले. मग वाटले, ती हसत असावी.

साडेबाराच्या ठोक्याला अवनी आली. मोडलेला पापड पाहून तिने माझ्या गळ्यात हात टाकले. वाढपी बघत होते. बघू दिले.

आणि पाच मिनिटांपूर्वी तू आलीस. काचेच्या दाराबाहेर, पदपथावर, राखाडी साडीत, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून तू उभी आहेस. अवनी उठत होती. मी तिला खाली बसवले. तू कोणाला पाठवू नका असे लिहिले आहेस. एकदा तू वळलीस, रिक्षाला हात केलास. रिक्षा थांबली, आणि तू बसली नाहीस. रिक्षावाला तुला काहीतरी बोलून गेला. पुण्यातला आहे, मनावर घेऊ नकोस.

माझा हात थरथरत आहे. माझे अक्षर कधी असे नसते, ते तुला दिसेलच. साखर उतरली की काय, म्हणून मी आताच बोट टोचून पाहिले. एकशे बेचाळीस. तेव्हा ही केवळ भीती आहे. तिला ओळखता आले, याचा मला आनंद होतो. ती आहे, म्हणजे मी शुद्धीवर आहे.

आता तू दारापर्यंत आली आहेस. तुझा तळवा काचेवर आहे आणि तू माझ्याकडे पाहत आहेस.

केदार तिन्ही ताटे घेऊन आला. वरण-भात वाढला. लिंबाची फोड, चटणी, पुरी. तुझे पान माझ्या उजव्या हाताला मांडले आहे. शेजारच्या टेबलावर आठ माणसे आहेत, त्यांत दोन लहान मुले. दोघेही माझ्याकडे पाहत आहेत. मी झब्बा वर घेत आहे. तू काचेतून नीट पाहा: ताट आधी आले आहे.

पत्र येथे थांबवतो. एका हातात दोन पेने धरता येत नाहीत.

तुझा,
दिगंबर